पेनकिलरची चिठ्ठी, कातडीचा रंग आणि घरातला पैसा

खलबत्ता

नमस्कार मंडळी. मागच्या आठवड्यात एका धाग्यावर कुणीतरी लिहिलं होतं की अमेरिकेतली पेनकिलरची साथ म्हणजे गरीब गोऱ्यांचा आजार, काळ्यांना आणि आपल्याला त्याचं काय. तिथेच उत्तर लिहायला घेतलं पण ते इतकं लांबत गेलं की म्हटलं वेगळा धागाच काढू. मोठं आहे, सवडीने वाचा.

मी फार्मसिस्ट आहे. आधी सात वर्षं दक्षिण ओहायोत नदीकाठच्या एका छोट्या गावात आणि २०१२ पासून कोलंबसमध्ये. गोळ्या मोजायला आमच्याकडे एक प्लास्टिकचा ट्रे असतो आणि एक चपटी पट्टी, त्या पट्टीने पाच-पाच गोळ्या ओढायच्या आणि बाजूच्या पन्हळीत ढकलायच्या. नदीकाठच्या त्या दुकानात २००८-०९ च्या सुमारास मी दिवसभर जवळजवळ एकच गोळी मोजत असायचे, हायड्रोकोडोन, म्हणजे अफूच्या जातीची (ओपिऑइड) पेनकिलर. बीपीची, शुगरची औषधं मध्येमध्ये. संध्याकाळी भाकरी थापायला घेतली की मनगट ठणकायचं.

त्या पट्ट्यात वस्ती जवळपास सगळी गोरी आणि हातावर पोट असलेली. बूट बनवायचे कारखाने गेले, स्टीलचे गेले, राहिलं ते लाकूड कापणं, ट्रक, गोदामं. आमच्याकडे एक गिऱ्हाईक यायचा, चाळिशीतला, लाकडाच्या गिरणीत कामाला. उजवा खांदा कामातून गेलेला. फिजिओथेरपीला आठवड्यातून तीनदा जा असं त्याला सांगितलं होतं, पण ते सेंटर चाळीस मैलांवर आणि गेलं की त्या दिवसाचा पगार बुडणार. गोळी मात्र मेडिकेडवर, म्हणजे गरिबांसाठीच्या सरकारी विम्यावर, जवळपास फुकट. तो मला म्हणायचा, गोळी घेतली की शिफ्ट निघते. मग दोनाच्या तीन झाल्या, महिन्याचा डबा बावीस दिवसांत संपायला लागला, मग सासूच्या डब्यातल्या. त्याला झिंग नको होती हो, त्याला शिफ्ट पूर्ण करायची होती.

सरकारी सर्व्हेत याला "गैरवापर"च म्हणतात, म्हणजे दुसऱ्याच्या चिठ्ठीवरची घेणं, किंवा सांगितलेल्यापेक्षा जास्त, जास्त वेळा, जास्त दिवस घेणं. २०१५ च्या राष्ट्रीय सर्व्हेत असा गैरवापर केलेले प्रौढ निघाले साधारण १ कोटी १५ लाख, म्हणजे ४.७ टक्के. कशासाठी घेतली असं विचारल्यावर त्यातल्या ६३ टक्क्यांनी मुख्य कारण सांगितलं अंगदुखी. चाळीस टक्क्यांच्या वर लोकांना शेवटची गोळी मित्राने नाहीतर नातेवाइकाने फुकट दिलेली. आणि हे कुणात जास्त, तर कमी उत्पन्नवाले, बेकार, विमा नसलेले. माझ्या काउंटरवरचा तो माणूस या आकड्यांत जसाच्या तसा सापडतो मला.

आता दुसरी गोष्ट. ही लिहायला जड जातंय पण तिच्यासाठीच धागा काढलाय.

कोलंबसला आल्यावर पहिल्याच वर्षी एक काळी बाई आली, तिशीची असेल, सिकलसेलची पेशंट, म्हणजे रक्ताचा आनुवंशिक आजार, त्याचा अटॅक आला की असह्य दुखतं. ऑक्सिकोडोन या तशाच ओपिऑइडच्या १२० गोळ्या, रक्तविकारतज्ज्ञाची चिठ्ठी, त्यावर सगळं नीट लिहिलेलं. शुक्रवार, संध्याकाळचे साडेपाच. मी चिठ्ठी खरी आहे का विचारायला डॉक्टरांकडे फोन लावला, ऑफिस बंद झालेलं. मी तिला सांगितलं सोमवारी या. ती भांडली नाही. काउंटरची कड दोन्ही हातांनी धरून उभी राहिली थोडा वेळ, मग हळूहळू गेली. सोमवारी आली तेव्हा हातात हॉस्पिटलचा प्लास्टिकचा पट्टा तसाच होता. शनिवार रविवार ती ॲडमिट होती.

त्या रात्री मी आठवून पाहिलं, नदीकाठी सात वर्षांत किती गोऱ्या लोकांच्या चिठ्ठ्या मी अशा फोन करून तपासल्या. बोटांवर मोजण्याइतक्या. आणि तिथे खरंच तपासायला हव्या होत्या.

माझं म्हणणं इतकंच आहे की हे दोन वेगळे विषय नाहीत. ज्या नजरेने तिकडे डबे भरभरून दिले त्याच नजरेने इकडे बाई परत पाठवली. वंश आणि उत्पन्न वेगवेगळं काढून बघितलं तर यातलं काहीच कळत नाही.

मुक्काम एडिसन

लेख आवडला, प्रामाणिक लिहिलंय. पण एक पटत नाही. व्यसनाला कसला आलाय वंश? आमच्या न्यू जर्सीत चांगल्या घरची, मोठ्या बंगल्यातली पोरं यात गेलेली मी बघितली आहेत. मुलाच्या हायस्कूलमधला फुटबॉल खेळणारा मुलगा, गुडघ्याचं ऑपरेशन झालं, घरात गोळ्या आल्या आणि दोन वर्षांत सगळं संपलं. त्याचे आईवडील दोघंही वकील. गोळी कुणाचा पगार विचारत नाही.

खलबत्ता

@मुक्काम एडिसन, वाचून वाईट वाटलं. आणि तुमचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. सर्व्हेत गोऱ्या आणि काळ्या लोकांच्या गैरवापराच्या टक्केवारीत तसं फार मोठं अंतर नसतं, आशियाई लोकांत सगळ्यात कमी असतो. म्हणजे गोळी मिळाली की शरीर सगळ्यांचं सारखंच वागतं. फरक पडतो तो दोन ठिकाणी, गोळी मुळात कुणाच्या घरात येते आणि एकदा अडकल्यावर बाहेर काढायला कोण येतं. वकील आईवडिलांकडे निदान रिहॅबला भरायला पैसे तरी असतात. नेहमी उपयोग होतो असं नाही म्हणत मी, पण दार तरी असतं.

आकडेमोड

मी बायोस्टॅटमध्ये आहे, सॅन डिएगोला. खलबत्ता म्हणतायत त्यावर कॅलिफोर्नियातला अगदी नेमका अभ्यास आहे, २०१९ मध्ये आला. राज्यातल्या २०११ ते २०१५ च्या सगळ्या चिठ्ठ्या घेतल्या आणि पिनकोडवार दोन मापं लावली, वस्तीत गोरे किती आणि उत्पन्न किती. राज्यभरात १५ वर्षांवरच्या साधारण २३.६ टक्के लोकांना वर्षाला निदान एक ओपिऑइडची चिठ्ठी मिळत होती. सगळ्यात गरीब आणि सगळ्यात जास्त गोऱ्या वस्त्यांत हा आकडा ४४.२. सगळ्यात श्रीमंत आणि सगळ्यात कमी गोऱ्या वस्त्यांत १६.१. ओव्हरडोसचे मृत्यूसुद्धा त्याच गरीब गोऱ्या वस्त्यांत एकवटलेले.

एक सांगून ठेवतो, हे वस्तीचे आकडे आहेत, एकेका माणसाचे नाहीत. त्या पिनकोडातला चिठ्ठी मिळालेला प्रत्येक जण गोराच होता असं यातून म्हणता येत नाही. पण ४४ आणि १६ मधलं अंतर बघा. एकट्या उत्पन्नाने एवढं अंतर पडत नाही आणि एकट्या वंशानेही नाही, दोन्ही एकमेकांत मिसळतात तेव्हा पडतं.

अजून एक जुना अभ्यास, २००० सालचा, न्यूयॉर्क शहरातला. फार्मसींमध्ये जाऊन बघितलं की जबर दुखण्यावरची ओपिऑइड्स पुरेशी ठेवलेली आहेत का. गोऱ्या वस्त्यांतल्या ७२ टक्के दुकानांत होती, बिगरगोऱ्या वस्त्यांत फक्त २५ टक्के. म्हणजे ब्रॉन्क्समधल्या कॅन्सरच्या म्हाताऱ्याने डॉक्टरची खरी चिठ्ठी नेली तरी दुकानदार म्हणणार आमच्याकडे नाही. हा अभ्यास छापून आला तेव्हा ऑक्सिकॉन्टिन (ऑक्सिकोडोनचीच एक ब्रँडची गोळी) बाजारात येऊन चार वर्षं झाली होती, आणि त्याच काळात ॲपलेशियात, म्हणजे पूर्वेकडच्या डोंगराळ पट्ट्यात, गोळ्यांचे ट्रक रिकामे होत होते.

नवीनच आलोय

ॲपलेशियाच का पण? तिथेच एवढं का गेलं? कुणी सांगेल का, मला खरंच माहीत नाही.

खलबत्ता

@नवीनच आलोय, चांगला प्रश्न. ऑक्सिकॉन्टिन आली १९९६ ला, पर्ड्यू फार्माची. हळूहळू विरघळते म्हणून व्यसन लागायची शक्यता कमी, असं मानलं जातं, हे वाक्य चक्क लेबलवर छापायला मंजुरी मिळाली होती. कंपनीचे एमआर डॉक्टरांना सांगायचे की व्यसन लागण्याचं प्रमाण एक टक्क्याहूनही कमी आहे. आणि हे एमआर कुठे पाठवायचे हे ठरायचं डेटावरून, कुठले डॉक्टर आधीपासून दुखण्याच्या गोळ्या जास्त लिहितात ते बघून. अशा गोळ्या कुठे जास्त लिहिल्या जातात, तर जिथे खाणी आहेत, जंगलतोड आहे, लोकांच्या पाठी आणि गुडघे मोडलेत आणि सर्जन लांब आहे. वेस्ट व्हर्जिनिया, केंटकी, मेन, आमचं दक्षिण ओहायो. वस्ती गोरी, त्यामुळे डॉक्टरच्या डोक्यात "हा व्यसनी असेल" ही शंकाही आली नाही.

मग आकडे असे झाले की आता लिहितानाही विश्वास बसत नाही. वेस्ट व्हर्जिनियात विल्यमसन म्हणून गाव आहे, वस्ती साधारण ३०००. तिथल्या दोन फार्मसींमध्ये दहा वर्षांत २ कोटी ८ लाख गोळ्या गेल्या. आमच्या ओहायोतल्या सायोटो काउंटीत एका २०१० सालात ९७ लाख डोस, तान्ह्या बाळांसकट माणशी १२० च्या वर. २०११ मध्ये ओहायोने कायदा करून गोळ्या विकणारी क्लिनिकं बंद केली. २०१० मध्येच ऑक्सिकॉन्टिन अशी बदलली की कुटून पावडर करता येऊ नये. ज्यांना आधीच लागली होती ते मग हेरॉइनकडे गेले आणि २०१३ नंतर हेरॉइनमध्ये फेंटानिल, म्हणजे त्याहून कितीतरी जहाल कृत्रिम ओपिऑइड, यायला लागलं. आमच्या त्या लाकडाच्या गिरणीवाल्याचं नाव मी कोलंबसला असताना तिथल्या पेपरच्या निधनवार्तेत वाचलं. खाली कारण नव्हतं लिहिलेलं, तिथे कुणाच्याच खाली नसायचं.

२०१५ मध्ये ॲन केस आणि अँगस डीटन या दोघा अर्थतज्ज्ञांनी दाखवून दिलं की ४५ ते ५४ वयाच्या गोऱ्या अमेरिकनांचं मृत्यूचं प्रमाण १९९९ पासून चक्क वाढतंय, आणि सगळ्यात जास्त वाढतंय ते हायस्कूलच्या पुढे न शिकलेल्यांत. तेव्हा कुठे देश खडबडून जागा झाला.

पीचट्रीवाला

अटलांटाहून लिहितोय, वीस वर्षं झाली इथे. हा "देश जागा झाला" भाग जरा सोलून बघूया.

माझ्या ऑफिसात एक काळे सहकारी आहेत, साठीला आलेले. २०१७ च्या सुमारास टीव्हीवर सगळीकडे व्यसन हा आजार आहे, तुरुंग नको उपचार द्या असं सुरू झालं तेव्हा ते जेवताना शांतपणे म्हणाले की माझ्या भावाच्या वेळी हे कुणीच बोललं नाही. भाऊ १९८९ मध्ये क्रॅकसाठी, म्हणजे ओढायच्या खड्यांच्या कोकेनसाठी, तुरुंगात गेला होता. १९८६ चा कायदा असा होता की ५ ग्रॅम क्रॅक सापडलं तर कमीत कमी पाच वर्षं, आणि पावडर कोकेनला तेवढ्याच शिक्षेसाठी ५०० ग्रॅम लागायचं. पदार्थ मुळात एकच. क्रॅकमध्ये पकडले जायचे ते बहुतेक काळे. हे शंभरास एक प्रमाण २०१० पर्यंत चाललं, मग अठरास एक केलं. सारखं अजूनही नाही.

आणि दुखण्याबद्दल म्हणाल तर इथे अटलांटातच इमर्जन्सीत हातपाय मोडून आलेल्यांचा अभ्यास झाला होता, २००० मध्ये छापून आला. गोऱ्यांपैकी ७४ टक्क्यांना पेनकिलर दिली, काळ्यांपैकी ५७ टक्क्यांना. मोडलेलं हाड एक्सरेत दिसतंय, तरी.

मुक्काम एडिसन

@पीचट्रीवाला, हे ५ ग्रॅम आणि ५०० ग्रॅम मला माहीत नव्हतं. पण मग एक शंका येते, रागावू नका. काळ्यांना गोळ्या कमी मिळाल्या म्हणून ते वाचलेच की या साथीतून? मग भेदभावाचा फायदाच झाला म्हणायचं का?

खलबत्ता

रागवायचं काय त्यात, हा प्रश्न कॉन्फरन्समध्येसुद्धा विचारतात. पण मला हे वाक्य सहन होत नाही आणि का ते सांगते.

पहिलं म्हणजे ज्याला "वाचले" म्हणतो ते लोक मोडलेलं हाड घेऊन, सिकलसेलचा अटॅक घेऊन, कॅन्सर घेऊन औषधाविना तळमळत पडले होते. व्हर्जिनिया विद्यापीठात २०१६ मध्ये गोऱ्या मेडिकल स्टुडंट्सना आणि रेसिडेंट्सना विचारलं तर निम्म्यांना काळ्या लोकांच्या शरीराबद्दलची निदान एक तरी खोटी समजूत खरी वाटत होती, उदाहरणार्थ त्यांची कातडी जाड असते. उद्याचे डॉक्टर हे!

दुसरं, ते वाचलेही नाहीत. फक्त पहिल्या लाटेत मागे राहिले. साथीतलं हे फेंटानिल बहुतेक चिठ्ठीवरचं नाही, ते बेकायदा बनून रस्त्यावर येतं, तिथे फार्मसिस्टची नजर लागत नाही. २०१९ ते २०२० या एका वर्षात ओव्हरडोसने मरणाऱ्यांचं प्रमाण काळ्यांमध्ये ४४ टक्के वाढलं, नेटिव्ह अमेरिकनांमध्ये ३९, गोऱ्यांमध्ये २२. पासष्टीच्या पुढच्या काळ्या पुरुषांचं प्रमाण त्याच वयाच्या गोऱ्या पुरुषांच्या जवळपास सातपट. आणि उत्पन्नाचा धागा इथेही आहेच, ज्या काउंटींमध्ये गरीब-श्रीमंतांतलं अंतर सगळ्यात जास्त, तिथे काळ्यांच्या मृत्यूचं प्रमाण सगळ्यात कमी अंतर असलेल्या काउंटींपेक्षा दुपटीहून जास्त.

तिसरं उपचारांचं. ओपिऑइडच्या व्यसनावर दोन मुख्य औषधं. मेथाडोन घ्यायला सरकारमान्य क्लिनिकमध्ये सुरुवातीला जवळपास रोज सकाळी जाऊन रांगेत उभं राहायचं आणि नर्ससमोर प्यायचं. ब्युप्रेनॉर्फिन डॉक्टरच्या केबिनमधून चिठ्ठीवर मिळतं, घरी जिभेखाली ठेवायचं, नोकरी सांभाळून होतं, शेजाऱ्याला कळतही नाही. २०१२ ते २०१५ च्या व्हिजिट्सचा अभ्यास २०१९ मध्ये आला, त्यात ब्युप्रेनॉर्फिन मिळणारे बहुतेक सगळे गोरे आणि जवळपास चाळीस टक्के लोक खिशातून रोख देणारे, बाकीच्यांत खासगी विमावाले बरेच. म्हणजे इथे परत दोन्ही चाळण्या, रंगाची आणि पैशाची. माझा लाकूडवाला गोरा असून दुसऱ्या चाळणीत अडकला. त्याच्या काउंटीत ब्युप्रेनॉर्फिन देणारे दोन डॉक्टर, दोघंही फक्त रोख घेणारे.

पहाटेची ओपीडी

मी गडचिरोलीत सरकारी नोकरीत डॉक्टर आहे, इथे सहसा नुसती वाचते. सिकलसेल वाचून थांबले.

आमच्याकडे सिकलसेलचे पेशंट सतत येतात, आदिवासी पाड्यांवरची पोरं. अटॅक आला की हातपाय, छाती, पाठ असं दुखतं की मूल गुडघे पोटाशी घेऊन गप्प पडून राहतं, रडतसुद्धा नाही. मोठ्या हॉस्पिटलला पाठवलं तर तिथे ड्युटीवरचा म्हणतो नाटक करतोय, याला इंजेक्शनची सवय झालीय. चेहरा शांत आहे म्हणजे दुखत नाही असं धरतात. मी स्वतः इंटर्न असताना हे शिकून आले होते. एका गोंड आजीने मला सांगितलं की बाई, आमची पोरं दुखण्यात ओरडत नाहीत, ओरडून दुखणं वाढतं.

आणि औषधाचं म्हणाल तर मॉर्फिन. १९८५ च्या एनडीपीएस या अमली पदार्थांच्या कायद्याने इतके परवाने लागायचे की हॉस्पिटलं ते ठेवायचीच नाहीत. २०१४ मध्ये कायदा सुधारला पण गडचिरोलीपर्यंत गोळी यायला कायदा पुरत नाही. तुमच्याकडे गावच्या गावं बुडाली गोळ्यांनी आणि आमच्याकडे कॅन्सरचा म्हातारा पॅरासिटामॉलवर जातो. तुमची ती बाई मला रोज भेटते.

आकडेमोड

@पहाटेची ओपीडी, हा प्रतिसाद वेगळा धागा व्हायला हवा. लिहाच.

सोनचाफा

सगळं वाचलं. माझा प्रश्न फार घरगुती आहे, चालेल ना? सासूबाई डॅलसला आमच्याकडे आल्या होत्या, पडल्या, मांडीचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. ऑक्सिकोडोनच्या ६० गोळ्या दिल्या. त्यांनी जेमतेम अठरा घेतल्या, बद्धकोष्ठ होतं म्हणून बंद केल्या. उरलेला डबा स्वयंपाकघरात वरच्या कपाटात मसाल्यांच्या मागे आहे. टाकवत नाही, कधी दुखलं तर असू द्या म्हणतात. मागच्या महिन्यात एका मैत्रिणीची पाठ धरली होती तर मी तिला दोन देणारच होते. घरात सोळा वर्षांचा मुलगा आहे. वर ते "मित्राने नाहीतर नातेवाइकाने फुकट" वाचलं आणि पोटात गोळा आला.

खलबत्ता

@सोनचाफा, बरं झालं विचारलंत. मैत्रिणीला देऊ नका, कितीही कळकळ वाटली तरी. डबा आजच कुलुपात ठेवा आणि या आठवड्यात परत करून या. बऱ्याच पोलीस ठाण्यांत आणि फार्मसींत औषध टाकायची पेटी असते, पोस्टाच्या पेटीसारखी दिसते, कुणी नाव विचारत नाही. एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये देशभर परत घ्यायचा दिवसही असतो. अजिबातच सोय नसेल तर ही गोळी फ्लश करायला परवानगी आहे, बाकीची बहुतेक औषधं तशी करू नका. सासूबाईंना सांगा दुखलं तर डॉक्टर परत देतील. आणि नॅलोक्सोनचा, म्हणजे ओपिऑइडच्या ओव्हरडोसवरच्या उताऱ्याचा, नाकातला स्प्रे २०२३ पासून चिठ्ठीशिवाय मिळतो, घरात मुलं असोत नसोत, एक आणून ठेवा.

सोनचाफा

करते. मुलालाच घेऊन जाते पोलीस ठाण्यात, त्यालाही कळू दे.

पीचट्रीवाला

@खलबत्ता, त्या सिकलसेलवाल्या बाईंचं पुढे काय झालं? सारखं डोक्यात येतंय.

खलबत्ता

ती दर महिन्याला यायची. दुसऱ्या महिन्यात मी तिची माफी मागितली, शब्द नीट जुळले नाहीत माझे. ती म्हणाली, तू सोमवारी दिल्यास तरी, आधीच्या दुकानाने कधीच दिल्या नव्हत्या. हे ऐकून मला जास्तच लागलं.

मग मी आमच्या सिस्टिममध्ये तिच्या नावापुढे नोट टाकली की ही जुनी पेशंट आहे, डॉक्टरांशी बोलणं झालेलं आहे, चिठ्ठी आली की लगेच भरा. शुक्रवारी येणार असेल तर गुरुवारीच गोळ्या मागवून ठेवायचे. तीन वर्षांनी मी दुसऱ्या शाखेत गेले, जायच्या दिवशी माझ्या जागी आलेल्या मुलीला ती नोट स्क्रीनवर उघडून दाखवली आणि दोनदा वाचून घ्यायला लावली.